मापात पाप

वाण्याच्या दुकानातील तराजू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर टांगलेला असतो. पारडे कोणत्या बाजूला झुकले, काटा मध्यावर स्थिरावला की नाही, वाण्याचे बोट दांडीला टेकले होते की काय, हे सारे अगदी निरक्षर माणसालाही पाहता येते. आणि तरीही मापात फसवणूक होतेच. आपल्या समाजात भाव चढवणाऱ्या व्यापाऱ्याविषयी नाराजी असते, पण माप मारणाऱ्याविषयी चीड असते. ‘मापात पाप’ या दोन शब्दांत ती सारी साठवलेली आहे. भाव पटला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढू शकते. माप खोटे असेल तर आपण फसलो हेच त्याला उमगत नाही. म्हणूनच वजनमापांवरील देखरेख हे शासनाचे कर्तव्य मानले गेले. स्वतंत्र भारताने १९५६ साली मानक वजनमापांचा कायदा केला. २००९ सालचा वैधमापन कायदा त्याच परंपरेतला. आजही दुकानदाराला आपला काटा ठरावीक मुदतीने तपासून घ्यावा लागतो आणि त्यावर सरकारी मुद्रा उमटवून घ्यावी लागते.

परंतु ज्या मालाचे माप डोळ्यांना दिसतच नाही, आणि ज्याचा तराजू बव्हंशी माल विकणाराच घडवतो, अशा मालाच्या बाबतीत गिऱ्हाइकाने काय करावे? संगणकात बसवले जाणारे ग्राफिक्स कार्ड हा असाच एक माल आहे. गेल्या तीस वर्षांत या मालाच्या कारखानदारांमध्ये जी चुरस चालली, तीत ज्या क्लृप्त्या लढवल्या गेल्या आणि ज्या उघडकीस आल्या, त्यांचा इतिहास म्हणजे मापाविषयीच्या या जुन्याच प्रश्नाचा नवा अध्याय होय.

प्रथम या वस्तूचे काम समजून घेऊ. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र हे रंगीत बिंदूंचे बनलेले असते. आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असलेल्या पडद्यावर असे वीस लाखांहून अधिक बिंदू भरतात. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदातून साठ वेळा नव्याने काढायचे झाले, तर दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या विद्वान सचिवासारखा असतो. गुंतागुंतीचे काम तो लीलया करतो, पण बारा कोटी नोंदी एका सेकंदात लिहून काढणे हे एकट्या सचिवाचे काम नव्हे. त्यासाठी साधेच काम करणारे, पण एकाच वेळी लेखणी चालवणारे हजारो कारकून लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे या कारकुनांची कचेरी. आरंभी ही कचेरी मुख्यतः खेळांसाठी उघडली गेली. पुढे असे दिसून आले, की हवामानाचे गणित असो वा यंत्राला भाषा शिकवणे असो, तेथेही असेच असंख्य साधे हिशेब एकदम करावे लागतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने २०२० साली उभारलेला ‘परम सिद्धी’ हा महासंगणक याच जातीच्या चिपांवर चालतो. तेव्हा या व्यवसायातील भानगडी म्हणजे खेळकऱ्या पोरांचा विषय, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

१९९० नंतरच्या दशकात या धंद्यात कारखानदारांची गर्दी होती. कॅनडातील एटीआय ही १९८५ साली स्थापन झालेली कंपनी त्यांत जुनी. मेट्रॉक्स, एस-थ्री, रेंडिशन, नंबर नाइन अशी कितीतरी नावे तेव्हाच्या बाजारात गाजत होती. १९९३ साली कॅलिफोर्नियात जेन्सन हुआंग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम या तिघांनी एनव्हिडिया सुरू केली. १९९४ साली त्याच प्रांतात थ्रीडीएफएक्स निघाली आणि १९९६ मध्ये तिच्या ‘व्हूडू’ या कार्डाने साऱ्यांना मागे टाकले. त्या काळी व्हूडू घेणे म्हणजे खेळणाऱ्यांमध्ये प्रतिष्ठेचे लक्षण झाले होते.

थ्रीडीएफएक्सचा हा उत्कर्ष अल्पकाळचा ठरला, आणि त्याचे एक कारण तिच्या व्यापारी धोरणात होते. या धंद्यात चिप आखणारा एक आणि कार्ड बांधणारा दुसरा, अशी वाटणी असते. थ्रीडीएफएक्स चिपा पुरवी, आणि त्या घेऊन डायमंड, क्रिएटिव्ह यांसारख्या कंपन्या आपापल्या नावाने कार्डे विकत. १९९८ च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सने एसटीबी ही कार्ड बांधणारी कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. सगळा नफा आपल्याच घरी राहावा, हा हेतू उघड होता. पण काल ज्यांना माल पुरवला त्यांच्याच शेजारी आज दुकान थाटल्यावर त्यांनी सोबत का करावी? ते आपापल्या वाटेने एनव्हिडियाकडे वळले. दोन्ही कंपन्यांमध्ये पेटंटांवरून दावे-प्रतिदावे चालूच होते. अखेर २००० सालच्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सने आपली पेटंटे आणि नाममुद्रा प्रतिस्पर्धी एनव्हिडियाला विकून टाकण्याचे ठरवले, आणि २००२ मध्ये तिने दिवाळे काढले. २००६ साली एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने ५४० कोटी डॉलरला एटीआय विकत घेतली. वेगळ्या ग्राफिक्स कार्डांच्या आखाड्यात मग प्रायः दोनच मल्ल उरले : एनव्हिडिया आणि एएमडी.

आता मापाकडे वळू. ग्राफिक्स कार्डाचा कस पाहण्याची रूढ रीत अशी : एखादा खेळ किंवा मुद्दाम रचलेली एखादी चाचणी चालवायची आणि सेकंदाला किती चित्रे निघतात ते मोजायचे. ज्याची चित्रे अधिक ते कार्ड सरस. ही रीत वरवर निर्दोष दिसते. परंतु कार्ड आणि खेळ यांच्यामध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचा एक दुभाषी बसलेला असतो, आणि हा दुभाषी कार्ड बनवणाऱ्या कंपनीचाच नोकर असतो. आपण कोणासमोर बोलत आहोत हे त्याला कळले, तर तो आपल्या धन्याच्या सोयीने भाषांतर करू शकतो.

२००१ सालच्या ऑक्टोबरात नेमके हेच उघडकीस आले. एटीआयने ‘रेडियन ८५००’ हे नवे कार्ड आणले होते. ‘क्वेक थ्री’ हा त्या काळी कार्डांचा कस पाहण्यासाठी सर्वत्र वापरला जाणारा खेळ. हार्डओसीपी या परीक्षणसंस्थेने एक साधी युक्ती केली. खेळाच्या फाइलचे नाव ‘क्वेक’ होते, ते बदलून ‘क्वॅक’ केले. खेळ तोच, कार्ड तेच, संगणक तोच. बदलले ते केवळ एक नाव. आणि त्याबरोबर वेग उतरला व चित्र मात्र अधिक रेखीव झाले. याचा अर्थ स्पष्ट होता. ड्रायव्हर ‘क्वेक’ हे नाव ओळखत होता आणि ते दिसताच चित्राचा दर्जा गुपचूप कमी करून वेग वाढवून दाखवत होता. यातील खरी खेदाची गोष्ट पुढेच आहे. गवगवा झाल्यावर एटीआयने नवा ड्रायव्हर दिला. त्यात चित्र सुधारले आणि वेगही फारसा घटला नाही. जे काम प्रामाणिकपणे साधण्याजोगे होते, त्यासाठी आडवाट धरली गेली होती.

दीड वर्षाने पाळी एनव्हिडियावर आली. फिनलंडमधील फ्यूचरमार्क या कंपनीची ‘थ्रीडीमार्क’ ही चाचणी म्हणजे या धंद्यातील जणू मॅट्रिकची परीक्षा. २००३ च्या फेब्रुवारीत तिची नवी आवृत्ती निघाली. ही चाचणी म्हणजे एक ठरलेला चित्रपटच असतो. कॅमेरा रुळावरून गेल्यासारखा ठरलेल्या मार्गानेच जातो. मे महिन्यात परीक्षकांनी कॅमेरा त्या रुळावरून उतरवून आजूबाजूला पाहिले, तेव्हा देखाव्याचे काही भाग काढलेच गेले नव्हते असे त्यांना आढळले. नाटकाच्या नेपथ्यात प्रेक्षकाला दिसेल तेवढीच भिंत रंगवावी, तसा हा प्रकार होता. फ्यूचरमार्कने चाचणीत दुरुस्ती करून ड्रायव्हरला ती ओळखता येऊ नये अशी व्यवस्था केली, तेव्हा एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा’ या कार्डाचे गुण २४.१ टक्क्यांनी घसरले. त्याच दुरुस्तीने एटीआयच्या कार्डाचेही गुण १.९ टक्क्यांनी उतरले. तेव्हा धुतल्या तांदळासारखे कोणीच नव्हते. एटीआयने आपली लबाडी काढून टाकण्याचे मान्य केले.

या प्रकरणाचा शेवट मननीय आहे. फ्यूचरमार्कने आपल्या अहवालात फसवणूक हा शब्द वापरला होता. जूनच्या आरंभी फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांचे संयुक्त निवेदन निघाले, आणि जे घडले ते फसवणूक नसून विशिष्ट कार्यक्रमासाठी केलेली सुधारणा होती, असे त्यात म्हटले गेले. आकडे तेच राहिले, शब्द तेवढा बदलला. परीक्षकाने नापास म्हणून लिहावे आणि दहा दिवसांनी ‘निराळ्या पद्धतीने उत्तीर्ण’ असा शेरा मारावा, तसे हे झाले. परीक्षक हीसुद्धा एक छोटी कंपनी होती, आणि परीक्षार्थी तिच्याहून कितीतरी बलाढ्य होता, हे येथे विसरता येत नाही.

अर्थात कारखानदारांची बाजूही अगदीच पोकळ नाही. एखादा खेळ आपल्या कार्डावर अधिक सुरळीत चालावा म्हणून ड्रायव्हरमध्ये त्याच्यासाठी खास तजवीज करणे, हे खेळणाऱ्याच्या हिताचेच असते. आणि सर्वच कंपन्या ते राजरोस करतात. प्रश्न येतो तो हेतूचा. विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातील अवघड धडा अधिक वेळ घोकला, तर त्याला कोणी दोष देत नाही. प्रश्नपत्रिका आधीच ठाऊक करून घेऊन त्याने तेवढीच पाच उत्तरे पाठ केली, तर त्याच्या गुणांना अर्थ उरत नाही. ज्या सुधारणेचा लाभ गिऱ्हाइकाला घरी बसून मिळतो ती सुधारणा. जिचा लाभ फक्त परीक्षेच्या दालनात दिसतो ती लबाडी. रेषा सूक्ष्म आहे, पण ती आहे.

मापाची दुसरी तऱ्हा म्हणजे खोक्यावरचे अक्षर. २०१४ च्या सप्टेंबरात एनव्हिडियाचे ‘जीटीएक्स ९७०’ हे कार्ड निघाले. त्यावर चार गिगाबाइट मेमरी असल्याचे जाहीर झाले होते, आणि चार गिगाबाइट त्यावर खरोखरच होती. तथापि काही चौकस गिऱ्हाइकांच्या ध्यानात आले, की मेमरीचा वापर साडेतीनच्या आसपास येऊन अडखळतो. २०१५ च्या जानेवारीत कंपनीने खुलासा केला. मेमरीचे दोन भाग होते. साडेतीन गिगाबाइटचा भाग वेगवान, आणि उरलेल्या अर्ध्या गिगाबाइटचा भाग पुष्कळच मंद. शिवाय चिपमधील काही अंतर्गत घटकांची संख्या जाहीर केल्यापेक्षा कमी निघाली. अभियंते आणि माहिती प्रसिद्ध करणारा विभाग यांच्यात गैरसमज झाला, असे कारण दिले गेले. चार शेर दूध म्हणून दिलेल्या भांड्यात अर्धा शेर ताक निघावे आणि ‘भांडे तर चार शेरांचेच आहे’ असे उत्तर मिळावे, असा हा मासला. अमेरिकेत दावा झाला, आणि २०१६ साली प्रत्येक गिऱ्हाइकाला ३० डॉलर देण्याची तडजोड झाली.

एएमडीनेही नावाच्या आडोशाने असेच केले. २०१७ मध्ये तिचे ‘आरएक्स ५६०’ हे कार्ड १०२४ गणन-घटकांसह निघाले. त्याच वर्षअखेर ८९६ घटकांचे कार्डही त्याच नावाने विकले जात असल्याचे आढळले. २०२२ च्या सप्टेंबरात एनव्हिडियाने ‘आरटीएक्स ४०८०’ या एकाच नावाची दोन कार्डे जाहीर केली. एकात सोळा आणि दुसऱ्यात बारा गिगाबाइट मेमरी, एवढाच फरक नावावरून कळे. वस्तुतः दोन्हींतील चिपाच वेगळ्या होत्या आणि बारा गिगाबाइटचे कार्ड बरेच दुबळे होते. त्याची किंमत ८९९ डॉलर ठेवली होती. टीकेचा एवढा गहजब झाला, की ऑक्टोबरमध्ये कंपनीने ते विक्रीला येण्याआधीच मागे घेतले. २०२३ च्या जानेवारीत तेच कार्ड ‘४०७० टीआय’ या नावाने ७९९ डॉलरला बाजारात आले. नुसते नाव दुरुस्त झाले आणि किंमत शंभर डॉलरने उतरली. यावरून नावाचे मोल किती असते ते दिसून येते.

तिसरा प्रश्न दुकानाच्या फळीचा. एनव्हिडिया आणि एएमडी या मुख्यतः चिपा आखतात. असुस, एमएसआय, गिगाबाइट यांसारख्या कंपन्या त्या घेऊन, त्यांना मेमरी आणि पंखे जोडून, आपापल्या नाममुद्रेने कार्डे विकतात. त्यांच्या नाममुद्रा वर्षानुवर्षांच्या खर्चाने रुजलेल्या असतात, आणि एकाच नाममुद्रेखाली दोन्ही पक्षांची कार्डे विकली जात. २०१८ च्या मार्चमध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स पार्टनर प्रोग्रॅम’ नावाची योजना आणली. तीत सामील होणाऱ्यांना नव्या तंत्राची माहिती लवकर मिळणार होती, जाहिरातीला साहाय्य मिळणार होते. अट एवढीच, की त्यांची खेळांसाठीची नाममुद्रा केवळ जीफोर्सशी निगडित असावी. म्हणजे ज्या फळीवर दोन कुंभारांची मडकी शेजारी शेजारी मांडलेली असत, तिथली दुसऱ्याची मडकी उचलून मागच्या खोलीत ठेवायची, आणि फळी मात्र दुकानदाराच्याच पैशाने बांधलेली! एप्रिलमध्ये असुसने एएमडीच्या चिपांच्या कार्डांसाठी ‘अ‍ॅरेझ’ ही निराळी नाममुद्रा काढलीसुद्धा. योजना ऐच्छिक आहे आणि गिऱ्हाइकाला आपण काय घेतो हे स्पष्ट कळावे एवढाच तिचा हेतू आहे, असे एनव्हिडियाचे म्हणणे होते. परंतु गदारोळ वाढत गेला, आणि ४ मे २०१८ रोजी कंपनीने योजना गुंडाळली. गैरसमजांशी झुंजत बसण्यापेक्षा ती बंद केलेली बरी, असे तिने जाहीर केले.

हे प्रकरण बाहेर काढले तेही हार्डओसीपीनेच. आणि त्या संस्थेने वाचकांना हेही मोकळेपणाने सांगितले, की या बातमीचा पहिला धागा एएमडीकडून आला होता. प्रतिस्पर्ध्याचा स्वार्थही कधी कधी सार्वजनिक हिताच्या उपयोगी पडतो, तो असा. शेजारचा दुकानदार जागा असेल तर आपल्या दुकानदाराला दांडी मारणे अवघड जाते.

कार्ड बांधणाऱ्यांची अवस्था कशी पालटत गेली, हे पाहण्यासारखे आहे. १९९८ साली थ्रीडीएफएक्सच्या वर्तनाने दुखावलेल्या कंपन्यांपुढे दुसरा पुरवठादार होता, आणि त्या त्याच्याकडे गेल्या. २०२२ च्या सप्टेंबरात ईव्हीजीए या अमेरिकन कंपनीने एनव्हिडियाशी असलेला संबंध तोडला. नव्या कार्डाची किंमत अखेरच्या क्षणापर्यंत आपल्याला कळवली जात नाही, नफ्याला जागा उरत नाही, आणि एनव्हिडिया स्वतःच्या नावाची कार्डे विकून आपल्याशीच स्पर्धा करते, अशा तिच्या तक्रारी होत्या. पण ईव्हीजीए एएमडीकडे गेली नाही. ज्या धंद्यावर तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग अवलंबून होता, तो ग्राफिक्स कार्डांचा धंदाच तिने सोडला. पहिल्या पिढीतील असंतुष्टांना दार बदलता आले. दुसऱ्या पिढीतील असंतुष्टाला गाव सोडावे लागले. दोन तपांत बाजार किती आक्रसला, याचे हे एकच उदाहरण पुरेसे आहे.

जेथे स्पर्धक दोनच उरतात, तेथे आणखी एक संशय स्वाभाविकपणे डोके वर काढतो : दोघे दिवसा भांडतात, पण रात्री एकत्र जेवत तर नाहीत ना? २००६ च्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय खात्याने दोन्ही कंपन्यांकडे चौकशीची समन्से धाडली. खाजगी दावेही उभे राहिले. त्या दाव्यांत २००२ सालचे एक पत्र पुढे आले. एनव्हिडियाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने एटीआयच्या प्रमुखांना लिहिलेल्या त्या पत्राचा आशय असा होता, की आपण प्रतिस्पर्धी असलो तरी आपल्या मालाच्या वर्गाला मान मिळवून देणे हे आपले समान उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी आपण अधिक जुळवून घेतले पाहिजे. तथापि संशय म्हणजे पुरावा नव्हे. न्याय खात्याने २००८ मध्ये कोणतीही कारवाई न करता चौकशी संपवली, आणि त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांनी प्रत्येकी साडेआठ लाख डॉलर देऊन खाजगी दावा मिटवला. सत्य काय, याचा निकाल कोणत्याही न्यायालयाने दिला नाही.

गिऱ्हाइकाप्रमाणेच भागधारकालाही मापाची गरज असते. त्याचे माप म्हणजे हिशेबाची वही. २०१७ च्या सुमारास बिटकॉइनच्या जातीची आभासी चलने मिळवण्यासाठी लोक ग्राफिक्स कार्डे मोठ्या प्रमाणात विकत घेऊ लागले. एनव्हिडियाच्या खेळांच्या खात्यातील विक्री फुगली. पण ती फुगण्याचे एक मोठे कारण ही नवी, बेभरवशाची मागणी आहे, हे भागधारकांना पुरेसे सांगितले गेले नाही, असा ठपका अमेरिकेच्या रोखेबाजार आयोगाने ठेवला. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता ५५ लाख डॉलर दंड भरला. सणाच्या दिवसांतील गर्दी पाहून दुकान बारमाही चालते असे सांगावे, तशातलाच हा प्रकार होता.

या साऱ्या प्रकरणांतून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. खोटे माप प्रथम पकडले ते सरकारी निरीक्षकाने नव्हे. ते पकडले स्वतंत्र परीक्षकांनी, चौकस गिऱ्हाइकांनी, आणि क्वचित प्रतिस्पर्ध्यांनी. कायदा आला तो मागाहून, बहुधा तडजोडीच्या रूपाने, आणि दंडाच्या रकमा कंपन्यांच्या उलाढालीच्या मानाने नगण्य राहिल्या. तेव्हा या बाजाराचा खरा पहारेकरी परीक्षक होय; आणि चिंतेची बाब ही, की तोच आज दुबळा होत चालला आहे.

परीक्षकाला नवे कार्ड विक्रीपूर्वी हाती मिळाले नाही, तर त्याचा अभिप्राय गिऱ्हाइकापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. आणि ते कार्ड देणे न देणे कंपनीच्या मर्जीवर असते. २०२० च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील हार्डवेअर अनबॉक्स्ड या परीक्षकांना एनव्हिडियाने कळवले, की आमच्या मते महत्त्वाच्या असलेल्या गुणांवर आपण पुरेसा भर देत नाही, सबब यापुढे आपणास आमची कार्डे पाठवली जाणार नाहीत. जगभर टीका होताच कंपनीने दोनच दिवसांत माघार घेतली. २०२५ च्या मे महिन्यात ‘आरटीएक्स ५०६०’ निघाले, तेव्हा बहुसंख्य स्वतंत्र परीक्षकांना विक्रीच्या दिवसापूर्वी त्याचा ड्रायव्हरच मिळाला नव्हता. परीक्षकाला गप्प करण्याची गरजच उरत नाही. त्याला उशीर झाला तरी पुरते. इकडे जुन्या परीक्षणसंस्थाही मिटत आहेत. हार्डओसीपीचे काम २०१९ साली थांबले. तिचे संपादक इंटेल कंपनीच्या सेवेत गेले. आनंद लाल शिंपी यांनी १९९७ साली कुमारवयात सुरू केलेली आनंदटेक ही नामवंत संस्था २०२४ च्या ऑगस्टअखेर बंद झाली.

आणि नेमक्या याच काळात मापाचे एकक बदलू पाहत आहे. पूर्वी सेकंदाला किती चित्रे काढली हे मोजले जाई. आता कार्ड एक चित्र स्वतः काढते आणि कृत्रिम बुद्धीच्या साहाय्याने मधली चित्रे अंदाजाने भरते. २०२५ साली हे प्रमाण एका खऱ्या चित्रामागे तीनपर्यंत अंदाजी चित्रे असे होते. २०२५ च्या जानेवारीत जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे ‘५०७०’ हे कार्ड आधीच्या पिढीतील सर्वांत महागड्या ‘४०९०’ च्या तोडीचे असल्याचे सांगितले, ते ही अंदाजी चित्रे जमेस धरूनच. हे तंत्र विलक्षण आहे आणि डोळ्यांना सुखवणारेही आहे, यात संशय नाही. परंतु खरे आणि अंदाजी धान्य एकाच पारड्यात घालून वजन सांगितले जाऊ लागले, म्हणजे जुन्या मापाशी तुलना करण्याचा अर्थच बदलतो. क्वेकच्या काळी तराजूत बोट घातले जात होते. आता शेराचा धोंडाच नव्याने घडवला जात आहे.

यावरून या कंपन्या म्हणजे केवळ ठकांचा मेळा, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तीस वर्षांपूर्वी जे चित्र काढायला स्टुडिओतील यंत्रांना रात्रभर लागे, ते आज घरातील कार्ड निमिषार्धात काढते. आणि ही प्रगती याच चुरशीतून झाली. दोष चुरशीचा नाही, चुरस संपत चालल्याचा आहे. २०२२ साली इंटेलने ‘आर्क’ या नावाने या आखाड्यात पुन्हा पाऊल ठेवले. तरीही २०२५ मध्ये वेगळ्या ग्राफिक्स कार्डांच्या विक्रीत एनव्हिडियाचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक मोजला गेला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिचे बाजारमूल्य पाच लाख कोटी डॉलरवर पोहोचले. एवढा थोर दुकानदार प्रामाणिक असू शकतो. पण त्याच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देणारे शेजारी उरत नाहीत.

आता या मालाचे गिऱ्हाईक केवळ खेळणारा तरुण राहिलेले नाही. विद्यापीठे, रुग्णालये, हवामान खाती, प्रत्यक्ष सरकारे ही कार्डे खरेदी करत आहेत आणि तिजोरीतून त्यांची किंमत मोजत आहेत. त्यांनी तरी विक्रेत्याच्या पत्रकातील आकड्यावर विसंबू नये. जे काम करायचे आहे तेच काम, आपल्याच कचेरीत, आपल्याच घड्याळाने मोजून पाहावे, आणि त्याचा निकाल सर्वांसाठी प्रसिद्ध करावा. हे करण्याइतकी पत आणि साधने त्यांच्यापाशी आहेत, जी एकट्या गिऱ्हाइकापाशी नसतात. २००१ साली एका अक्षराचा बदल करून ज्याने सत्य उजेडात आणले, त्याच्यापाशी सरकारी मुद्रा नव्हती; होते ते एक कार्ड, एक खेळ आणि नाव बदलून पाहण्याची शंकेखोर बुद्धी. ती बुद्धी जिवंत राहील अशी व्यवस्था करणे, परीक्षकाला माल वेळेवर मिळेल आणि त्याचे पोट कारखानदाराच्या जाहिरातीवर चालणार नाही हे पाहणे, हेच या नव्या बाजारातील वजनमापांच्या तपासणीचे काम आहे.